हा अधिकार आला कुठून?

१९ सप्टेंबर २०२५. शुक्रवार. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका उद्घोषणेवर सही केली. एच-१बी व्हिसाच्या अर्जामागे एक लाख डॉलर भरावे लागतील आणि अंमल रविवारपासून सुरू होईल, असा तिचा मजकूर. भारतात शनिवार उजाडला तेव्हा घटस्थापना दोन दिवसांवर आली होती. सुट्टी घेऊन पुण्या-मुंबईला, नाशिक-नागपूरला घरी आलेल्या मुलामुलींना कंपन्यांचे निरोप येऊ लागले: मुदतीच्या आत परत या. ज्यांना जमलं त्यांनी मिळेल त्या भावात तिकिटं काढली. मग व्हाइट हाउसने खुलासा केला की ही रक्कम नव्या अर्जांसाठी आहे, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना ती लागू नाही. तोवर कित्येक घरांत जिवाला घोर लागून राहिला होता.

त्या दोन दिवसांत निर्णय चांगला की वाईट यावर आपल्याकडे भरपूर बोललं गेलं. पण एका माणसाला हे करता येतं ते कशाच्या जोरावर, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. उत्तर १९५२ सालच्या इमिग्रेशन कायद्यात आहे. परदेशी लोकांच्या एखाद्या वर्गाचा प्रवेश देशहिताला बाधक आहे असं राष्ट्राध्यक्षांना वाटलं, तर त्यांनी उद्घोषणा काढून तो प्रवेश हवा तितका काळ थांबवावा किंवा त्यावर हव्या त्या अटी घालाव्यात, असं त्यातलं एक कलम सांगतं. हा कायदा केला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना तो नको होता. देशागणिक ठरवलेल्या कोट्यांना त्यांचा कडाडून विरोध होता आणि त्यांनी व्हेटो वापरला. काँग्रेसने दोन-तृतीयांश मतांनी तो व्हेटो मोडून काढला आणि कायदा संमत केला. एका राष्ट्राध्यक्षाने नाकारलेल्या त्या कायद्यातलं हे कलम पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती आयतंच पडलं. काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवरची प्रवेशबंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, तीही याच कलमाच्या आधारे.

हे पुस्तक लिहिण्यामागचं कारण या एका उदाहरणात आलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला आपण ‘जगातला सर्वांत शक्तिमान माणूस’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. ती शक्ती राज्यघटनेने थोडी दिली. बरीचशी काँग्रेसने संकटाच्या किंवा घाईच्या वेळी स्वतःच्या हाताने काढून दिली, आणि उरलेली आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी वापरून पाहिली, कुणी अडवलं नाही म्हणून ती रूढ झाली. त्यामुळे प्रत्येक आदेशाच्या वेळी विचारायचा प्रश्न एकच आहे: हा अधिकार आला कुठून? तो विचारायची सवय लागली की बातम्या वेगळ्या दिसू लागतात.

सुरुवात १ जून १७८७ ला होते. फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्या सभेत पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन उठले आणि कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती असावी, असा ठराव त्यांनी मांडला. त्यावर सभागृह गप्प झालं. एका राजाशी लढून सुटका करून घेतलेली ही माणसं, आणि समोर पुन्हा ‘एक व्यक्ती’. बेंजामिन फ्रँकलिन यांना सदस्यांना विनवावं लागलं की विषय महत्त्वाचा आहे, बोला. व्हर्जिनियाचे एडमंड रँडॉल्फ यांना या कल्पनेत राजेशाहीचा गर्भ दिसला; त्यांना तीन माणसांचं मंडळ हवं होतं. तीन दिवसांनी मतदान झालं आणि सात राज्यांनी एका व्यक्तीच्या बाजूने, तिघांनी विरोधात कौल दिला. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन बसले होते आणि पहिला मान त्यांनाच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच सभेतले सदस्य पियर्स बटलर यांनी नंतर एका पत्रात कबूल केलं की सदस्यांच्या नजरा वॉशिंग्टन यांच्यावर नसत्या, तर या पदाला एवढे अधिकार मिळालेच नसते. एका विश्वासू माणसाकडे पाहून पदाचं माप घेतलं गेलं. पुढे त्या मापात कोण कोण येऊन बसेल याचा अंदाज तेव्हा कुणालाच असणं शक्य नव्हतं.

घटनेचं दुसरं कलम या पदाचं. चहा पिता पिता वाचून होईल इतकं ते छोटं आहे आणि त्यातला मोठा भाग निवडणुकीच्या पद्धतीवर खर्ची पडला आहे. अधिकारांची यादी काढली तर ती अशी: सैन्याचं सरसेनापतिपद, खातेप्रमुखांकडून लेखी मत मागणं, संघराज्याविरुद्धच्या गुन्ह्यांना माफी देणं, सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीने तह करणं, सिनेटच्या संमतीने राजदूत, न्यायाधीश आणि वरिष्ठ अधिकारी नेमणं, परदेशी राजदूतांचं स्वागत करणं, देशाच्या स्थितीविषयी काँग्रेसला माहिती देणं, आणि कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी होते आहे याची काळजी घेणं. व्हेटो पहिल्या कलमात आहे, कारण तो कायदे करण्याच्या प्रक्रियेचा भाग आहे. युद्ध पुकारणं, कर बसवणं, परदेशी व्यापाराचे नियम करणं, तिजोरीतून पैसा काढणं या गोष्टी या यादीत नाहीत. त्या सगळ्या काँग्रेसकडे आहेत.

दोन कलमांच्या पहिल्या वाक्यांत मात्र एक फरक राहून गेला आणि त्यावर सव्वादोनशे वर्षं वकील भांडत आले. काँग्रेसला ‘इथे दिलेले’ कायदेविषयक अधिकार मिळाले, असं पहिलं कलम म्हणतं. दुसरं कलम ‘कार्यकारी सत्ता’ राष्ट्राध्यक्षाकडे सोपवतं. ‘इथे दिलेली’ हे शब्द तिथे नाहीत. मग यादीत नसलेलं, पण स्वभावतः कार्यकारी असलेलं, सगळंच राष्ट्राध्यक्षाचं का? अलेक्झांडर हॅमिल्टन म्हणाले हो, जेम्स मॅडिसन म्हणाले नाही. आजही प्रत्येक सरकारी वकील या दोघांपैकी एकाच्या मागे उभा असतो.

कागदावरचं पद प्रत्यक्षात कसं घडत गेलं, हे पाहायला २२ ऑगस्ट १७८९ चा दिवस घेऊ. दक्षिणेकडच्या आदिवासी राष्ट्रांशी तह करायचा होता. घटना सांगते की तह सिनेटच्या ‘सल्ल्याने आणि संमतीने’ करावा. वॉशिंग्टन यांनी ते अक्षरशः घेतलं आणि युद्धखात्याचे सचिव हेन्री नॉक्स यांना बरोबर घेऊन ते न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या दालनात गेले. उपराष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स मसुदा वाचू लागले. बाहेरच्या रस्त्यावरून बग्ग्या धडधडत जात होत्या आणि एक शब्द कुणाच्या कानावर पडेना. खिडक्या लावल्या, पुन्हा वाचन झालं. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांनी संबंधित कागदपत्रं मागितली, दुसऱ्या एकाने सगळं प्रकरण समितीकडे द्या म्हणून सुचवलं. वॉशिंग्टन संतापून उठले. हो-नाही एवढंच ऐकायला ते आले होते. सोमवारी ते पुन्हा आले, काम झालं, पण त्यानंतर असा सल्ला घ्यायला त्यांनी सिनेटची पायरी चढली नाही. पुढचे राष्ट्राध्यक्षही चढले नाहीत. ‘सल्ला’ हा शब्द घटनेत आजही आहे. प्रत्यक्षात तह आधी ठरतो आणि सिनेटकडे शेवटी संमतीला जातो. मॅक्ले यांनी डायरी लिहिली म्हणून हा दिवस आपल्याला इतक्या जवळून पाहता येतो. एका शनिवारच्या रागाने घटनेतला एक शब्द मागे पडला, आणि तिच्या मजकुराला कुणाचा हातही लागला नाही.

मराठी वाचकाला या पदाची ओळख करून देणारं सर्वांत नेमकं विवेचन ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्याच संविधान सभेत झालं. मसुदा सादर करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की आपला राष्ट्रपती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षासारखा नाही, त्याचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आपल्या सचिवाला केव्हाही काढू शकतो, आपला राष्ट्रपती मंत्र्यांच्या सल्ल्याने बांधलेला आहे. त्यापुढची त्यांची मांडणी मला अधिक मोलाची वाटते. कार्यकारी सत्तेत स्थैर्यही हवं आणि उत्तरदायित्वही हवं, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही, असं ते म्हणाले. अमेरिकेने स्थैर्याला झुकतं माप दिलं. तिथे सरकारचा हिशेब ठरावीक वर्षांनी निवडणुकीत होतो. आपण उत्तरदायित्व निवडलं; प्रश्न, ठराव आणि अविश्वास यांतून सरकारची परीक्षा रोज व्हावी म्हणून. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आणि ती व्यवस्था जवळून पाहिलेल्या माणसाने विचारपूर्वक दुसरी वाट धरली, हे लक्षात ठेवून पुढची प्रकरणं वाचावीत.

तुलनेत एक गोष्ट उलटी आहे, आणि ती सांगितली नाही तर चित्र चुकतं. आपल्या केंद्र सरकारच्या हाती असलेली एक सत्ता अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाकडे मुळीच नाही. तो एखाद्या राज्याचा गव्हर्नर बदलू शकत नाही, राज्याचं विधिमंडळ बरखास्त करू शकत नाही, राष्ट्रपती राजवटीसारखं काही तिथे नाही. गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो. पोलीस, शाळा, निवडणुका घेण्याची यंत्रणा, हे सगळं मुख्यतः राज्यांचं. अगदी राष्ट्राध्यक्षाची निवडही राज्याराज्यांतून ५३८ निर्वाचकांमार्फत होते आणि २७० मतं मिळाली की पद मिळतं. देशभरातली एकूण मतं कमी पडूनही २००० आणि २०१६ मध्ये उमेदवार निवडून आले ते यामुळेच.

पद वाढलं ते युद्धांनी. एप्रिल १८६१ मध्ये यादवी पेटली तेव्हा काँग्रेसचं अधिवेशन चालू नव्हतं. अब्राहम लिंकन यांनी बंदरांची नाकेबंदी केली, सैन्य वाढवलं, आणि बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क वॉशिंग्टनकडे जाणाऱ्या लष्करी मार्गावर स्थगित केला. हा हक्क स्थगित करण्याची तरतूद घटनेत काँग्रेसच्या कलमात आहे. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी तसा निकाल दिला. लिंकन यांनी तो मानला नाही. पण ४ जुलैला काँग्रेस भरली तेव्हा आपण काय काय केलं हे त्यांनी तिच्यापुढे मांडलं आणि मान्यता मागितली. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला हव्यात असं मला वाटतं. मर्यादा ओलांडली हे खरं. आणि ओलांडल्यावर ज्यांचा अधिकार होता त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले, हेही खरं. नंतरच्या अनेकांनी पहिली गोष्ट उचलली, दुसरी सोडून दिली.

१ जानेवारी १८६३ ची गुलाममुक्तीची घोषणाही लिंकन यांनी सरसेनापती म्हणून काढली, आणि म्हणून ती बंडखोर प्रदेशांपुरतीच होती. संघराज्याशी निष्ठावंत राहिलेल्या राज्यांतले गुलाम तिच्या कक्षेबाहेर राहिले. ती प्रथा कायमची संपवायला १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती लागली. ही प्रथा संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं. या मुक्तीची सुरुवात राष्ट्राध्यक्षाच्या सहीने झाली होती. तिला कायमचं रूप मिळालं ते काँग्रेस आणि राज्यांच्या संमतीने.

त्याच सरसेनापतिपदाच्या नावाने १९ फेब्रुवारी १९४२ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६ काढला. ‘जपानी’ हा शब्द त्या आदेशात कुठेही नाही. लष्करी अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या भागातून कुणालाही हलवता येईल, एवढंच त्यात होतं. त्या एवढ्याशा मजकुरावर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं, शेतं, दुकानं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत नेलं गेलं. त्यांतले जवळजवळ दोन-तृतीयांश अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. काँग्रेसने महिन्याभरात आदेशभंगाला शिक्षेचा कायदा करून दिला. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हे सारं मान्य केलं. म्हणजे तिन्ही अंगं एका दिशेला गेली, आणि अडवणारं कुणी राहिलं नाही.

त्या तीन विरोधी न्यायमूर्तींपैकी एक रॉबर्ट जॅक्सन. या पुस्तकात त्यांचं नाव वारंवार येईल. लष्करी आदेश आणीबाणी संपली की संपतो, पण न्यायालयाने त्याला एकदा घटनेचा आधार दिला की ते तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहतं, पुढे ज्याला गरज भासेल त्याच्या हाताशी, असा इशारा त्यांनी आपल्या निकालपत्रात दिला. आठ वर्षांनी तेच जॅक्सन पुन्हा याच विषयापाशी आले. एप्रिल १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप होऊ घातला होता, तेव्हा ट्रूमन यांनी देशातल्या बहुतेक पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. कायद्याचा आधार नव्हता. राष्ट्राध्यक्षाचे अंगभूत अधिकार एवढंच समर्थन. सर्वोच्च न्यायालयाने २ जूनला सहा विरुद्ध तीन मतांनी तो आदेश रद्द केला आणि ट्रूमन यांनी गिरण्या परत दिल्या. जॅक्सन स्वतः रूझवेल्ट यांच्या सरकारात अॅटर्नी जनरल होते, सत्तेची आतली बाजू त्यांनी पाहिली होती. त्यांनी आपल्या निकालपत्रात जी मांडणी केली ती आजही न्यायालयं वापरतात. काँग्रेसच्या संमतीने वागतो तेव्हा राष्ट्राध्यक्ष सर्वांत बलवान असतो. काँग्रेस गप्प असते तेव्हा प्रदेश धूसर असतो आणि परिस्थितीच निकाल ठरवते. काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जातो तेव्हा त्याचं बळ सर्वांत कमी असतं. या मांडणीत राष्ट्राध्यक्षाची उंची काँग्रेसच्या हालचालीवर ठरते, आणि मला वाटतं की पदाच्या स्वरूपाचं याहून प्रामाणिक वर्णन कुणी केलेलं नाही.

आता काँग्रेसने काय केलं ते पाहावं. युद्ध पुकारण्याचा अधिकार तिने शेवटचा वापरला जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान यांपैकी एकाही युद्धाची औपचारिक घोषणा झाली नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातल्या घटनेवर प्रतिनिधीगृहाने एकही विरोधी मत न पडता आणि सिनेटने दोन विरोधी मतांनी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना लष्करी बळ वापरण्याची मोकळीक दिली. त्या मोकळिकीवर व्हिएतनामचं युद्ध वाढत गेलं. पोळल्यावर काँग्रेसने १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा व्हेटो मोडून कायदा केला: सैन्य पाठवल्यावर ४८ तासांत कळवा, ६० दिवसांत संमती मिळाली नाही तर परत बोलवा. आणि सप्टेंबर २००१ मध्ये पुन्हा तशीच मोकळीक देणारा एक छोटा ठराव झाला, दोन्ही सभागृहांत मिळून बार्बरा ली यांचं एकच विरोधी मत पडलं. त्या ठरावाचा आधार नंतरच्या राष्ट्राध्यक्षांनी वीस वर्षं, अनेक देशांत, २००१ मध्ये अस्तित्वातही नसलेल्या संघटनांविरुद्ध घेतला.

आणीबाणीचीही तीच गोष्ट, आणि आपल्या व्यापाऱ्यांना ती थेट भिडली आहे. १९७६ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाला राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करण्याची पद्धत घालून दिली. १९७७ च्या कायद्याने अशा वेळी परदेशी आर्थिक व्यवहारांवर नियंत्रणाचे व्यापक अधिकार दिले. इराणमधल्या ओलीस प्रकरणावरून जिमी कार्टर यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये जाहीर केलेल्या आणीबाणीला त्यानंतरचा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष दरवर्षी मुदतवाढ देत आला आहे. २०२५ मध्ये याच १९७७ च्या कायद्याचा आधार घेऊन जगभरच्या मालावर आयातशुल्क लावलं गेलं. भारतीय मालावर ते ऑगस्टअखेर ५० टक्क्यांपर्यंत गेलं आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्या कायद्याच्या मजकुरात आयातशुल्क हा शब्दच नाही, हाच वादाचा गाभा होता.

दिलेलं परत का घेता येत नाही? मुळात काँग्रेसने सोय ठेवली होती: साध्या बहुमताच्या ठरावाने आणीबाणी संपवता येईल, राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नाही. १९८३ मध्ये इमिग्रेशनच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा सहीविना चालणाऱ्या ठरावांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. तेव्हापासून अधिकार काढून घेणारा प्रत्येक ठराव राष्ट्राध्यक्षाकडे सहीला जातो, आणि तो व्हेटो वापरू शकतो. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या आणीबाणीविरुद्ध दोन्ही सभागृहांनी ठराव केला, व्हेटो आला, प्रतिनिधीगृहात दोन-तृतीयांश जमलं नाही. इतिहासात अडीच हजारांवर व्हेटो झाले; त्यांपैकी मोडले गेले ते शंभराहून थोडेच अधिक. साध्या बहुमताने दिलेला अधिकार परत घ्यायला दोन-तृतीयांश लागतात. या पुस्तकातलं एकच प्रकरण वाचायचं असेल, तर याविषयीचं वाचा.

महाभियोग, माफी, पंचविसावी घटनादुरुस्ती यांची प्रकरणं मी लहान ठेवली आहेत. महाभियोग तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा झाला: १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन, १९९८ मध्ये बिल क्लिंटन, २०१९ आणि २०२१ मध्ये ट्रम्प. सिनेटने एकदाही दोषी ठरवलं नाही. जॉन्सन तर एका मताने वाचले. १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन राजीनामा देऊन गेले, त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांना ध्वनिफिती हवाली करायला लावल्या होत्या, आणि स्वतःच्या पक्षाच्या सिनेटरांनी त्यांना पाठिंबा उरला नसल्याचं तोंडावर सांगितलं होतं. जुलै २०२४ च्या निकालाला मात्र सविस्तर जागा दिली आहे. राष्ट्राध्यक्षाला घटनेने दिलेल्या मूळ अधिकारांच्या वापराबद्दल पद सोडल्यावरही फौजदारी खटला चालवता येणार नाही, आणि इतर अधिकृत कृतींनाही संरक्षण गृहीत धरलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं. मला हा निकाल धोक्याचा वाटतो आणि तसं मी लिहिलं आहे. त्याची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवादही पूर्ण दिला आहे, कारण मागून येणाऱ्या खटल्याच्या भीतीने कठीण निर्णय टाळणारा राष्ट्राध्यक्ष देशाला परवडत नाही, या म्हणण्यातही वजन आहे.

राष्ट्राध्यक्षांची चरित्रं या पुस्तकात नाहीत. माणसं येतात ती एखादा अधिकार वाढला किंवा अडला त्या प्रसंगापुरती. परिशिष्टात दुसऱ्या कलमाचा मराठी अनुवाद आणि कार्यकारी आदेश कसा निघतो, कुठे प्रसिद्ध होतो, न्यायालयात त्याला कोण आव्हान देऊ शकतं याची माहिती दिली आहे. सध्याच्या राष्ट्राध्यक्षाचा असा आदेश व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात बहुधा, कोणत्या कलमाने आणि कोणत्या कायद्याने मिळालेल्या अधिकाराने तो काढला आहे, हे लिहिलेलं असतं. वाचन तिथून सुरू करावं.